सहकारी शिक्षक आमदारकीला उभा राहतो तेव्हा: शिक्षक मतदारसंघात पहिल्यांदाच काम करणाऱ्यांसाठी

स्टाफरूममध्ये आपल्या शेजारी बसणारं माणूस एक दिवस ऑफ तासाला हळूच म्हणतं, "शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं ठरवलंय. सोबत असाल ना?" आपण लगेच हो म्हणतो. मीही म्हटलं होतं. विचारणाऱ्या आमच्या गणिताच्या मॅडम होत्या. शाळेतल्या निम्म्या लोकांची वरिष्ठ वेतनश्रेणीची प्रकरणं त्यांनी शाळा सुटल्यावर बसून तयार केली होती, आणि कुणाचं वैद्यकीय देयक अडकलं की वेतन पथकाच्या, म्हणजे शिक्षकांचे पगार आणि देयकं काढणाऱ्या, कार्यालयात स्वतः खेटे घातले होते. अशा माणसाला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

पण हो म्हटल्यावर करायचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. मी पत्रक कसं असावं, फोटो कुठला घ्यावा यात रमलो. खरं काम मतदार नोंदणीचं होतं आणि ते लक्षात येईपर्यंत ऑक्टोबर सरत आला होता. तुमची तशी गत होऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

ही निवडणूक वेगळी कशी

महाराष्ट्र विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक निवडून देतात. राज्यघटनेच्या कलम १७१ मध्ये ही तरतूद आहे. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर असे हे सात विभाग. मुदत सहा वर्षांची. सातही ठिकाणी एकदम निवडणूक होत नाही. पुणे आणि अमरावतीत १ डिसेंबर २०२० ला मतदान झालं, कोकण, नागपूर आणि औरंगाबादेत ३० जानेवारी २०२३ ला, मुंबई आणि नाशिकमध्ये २६ जून २०२४ ला. आपल्या विभागाची पाळी कधी येणार, ते यावरून काढता येतं.

इथे ईव्हीएम नसतं, कागदी मतपत्रिका असते. तिच्यावर निवडणूक चिन्ह नसतं. त्यामुळे 'अमक्या चिन्हासमोरचं बटण दाबा' असं सांगायची सोय नाही. नाव आणि फोटो मतदाराच्या डोक्यात पक्का बसवावा लागतो. आणि मत द्यायचं ते पसंतीक्रमाने, आकडा लिहून. या दोन गोष्टींमुळे इथे सभा आणि फलक यांच्यापेक्षा समोरासमोर बसून केलेलं बोलणं जास्त कामी येतं.

पहिलं पाऊल: आपले हात मोकळे आहेत ना?

तुम्ही शासकीय शाळेत किंवा महाविद्यालयात नोकरीला असाल, तर मत देण्यापलीकडे काही करू नका. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला प्रचारात भाग घेता येत नाही. जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेतल्यांनीही आपले सेवानियम बघूनच पाऊल टाकावं. सरकारी नोकराने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून काम करणं हा तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४अ खाली गुन्हा आहे. मैत्रीपायी कुणी नोकरी धोक्यात घालावी, असं मला वाटत नाही, आणि तुमच्या उमेदवारालाही वाटता कामा नये.

खासगी अनुदानित किंवा विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकांना मोकळीक जास्त आहे. तरी मुख्याध्यापकांना आणि संस्थेला आधी सांगून ठेवावं. तासाच्या वेळेत प्रचार नको. मस्टरवर सही करून दुसऱ्या शाळेत मतं मागायला जाणारा शिक्षक बघितला की ज्यांची मतं मागायची तेच नाराज होतात. रीतसर रजा टाका, नाहीतर रविवारी जा.

विद्यार्थ्यांना यात कुठेही आणायचं नाही. पत्रक घरी पोचवायलासुद्धा नाही. मुलांना प्रचारात वापरण्यावर निवडणूक आयोगाची सक्त बंदी आहे, आणि आयोगाने सांगितलं नसतं तरी शिक्षकाने ते करू नये.

दुसरं पाऊल: उमेदवाराशी एकदा नीट बोलून घ्या

उमेदवार ३० वर्षांचा पूर्ण असावा आणि राज्यातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत त्याचं नाव असावं. तो शिक्षक असलाच पाहिजे असं नाही, हे ऐकून पुष्कळ जण चकित होतात. अर्जावर त्या शिक्षक मतदारसंघातले १० मतदार प्रस्तावक म्हणून लागतात. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. प्रस्तावक शेवटच्या दिवशी गोळा करू नका. यादीतला प्रत्येकाचा अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. दहांतल्या एकाचं नाव यादीत नसलं, तरी अर्ज अडचणीत येतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बोलायचं आणि काय नाही, हे ठरवून घ्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन, विनाअनुदानित शाळांना अनुदानाचा पुढचा टप्पा, शालार्थ आयडी (ऑनलाइन पगारासाठी लागणारा क्रमांक), संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं) आणि अतिरिक्त ठरलेल्यांचं दुसऱ्या शाळांत समायोजन हे प्रश्न प्रत्येक स्टाफरूममध्ये निघणारच. एकटा आमदार पेन्शन आणू शकत नाही. तो सभागृहात प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडून मंत्र्यांकडून उत्तर मागू शकतो, शिक्षण उपसंचालकांकडे अडलेल्या फाईलचा पाठपुरावा करू शकतो. एवढंच सांगायचं. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माझ्या वतीने कुणाला काही कबूल करू नका. जे कबूल करायचं ते मी करीन." हे वाक्य तुमच्या उमेदवाराने म्हटलं नाही, तर तुम्ही त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

तिसरं पाऊल: नाव नोंदणी. निम्मी निवडणूक इथेच होते

विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे मत देता येत नाही. मागच्या वेळी शिक्षक मतदारसंघाच्या यादीत होतं, तेही चालत नाही. ही यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने, कोऱ्या पानापासून तयार होते. सहा वर्षांपूर्वी मत दिलेले ज्येष्ठ शिक्षक हमखास म्हणतात, "माझं नाव आहे हो." त्यांना हात जोडून सांगा, नाही, पुन्हा अर्ज भरा.

अर्ज नमुना १९. अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, १ नोव्हेंबर. त्या तारखेच्या आधीच्या सहा वर्षांत एकूण तीन वर्षं, माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या नाही अशा संस्थेत शिकवलेलं असावं. 'एकूण' हा शब्द नीट वाचा. तीन वर्षं सलग असायची गरज नाही. मध्ये नोकरी सुटली, शाळा बदलली, तरी बेरीज चालते. नुकते निवृत्त झालेलेही या हिशेबात बसू शकतात, आणि त्यांना कुणी विचारतच नाही. आमच्या गावात अशा सहा जणांची नावं आम्ही घातली. त्यांतल्या एका सरांनी तर सगळ्या निवृत्तांचे अर्ज भरून घेण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं.

नाव कुठल्या विभागात नोंदवायचं, यात फार लोक चुकतात. शाळा कुठे आहे हे बघायचं नसतं, राहतो कुठे हे बघायचं. ठाण्यात राहून मुलुंडच्या शाळेत शिकवणाऱ्याचं नाव मुंबईत नाही, कोकण विभागात येतं. दोन जिल्ह्यांच्या सीमेवरच्या शाळेत गेलात तर प्रत्येकाला आधी राहण्याचा पत्ता विचारा, मग अर्ज हातात द्या.

अर्जासोबत राहण्याचा पुरावा, फोटो आणि संस्थाप्रमुखाचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्रच अडतं. एका संस्थेत विनाअनुदानित तुकडीवरच्या चार शिक्षकांना ते देण्याची टाळाटाळ चालली होती. नेमणुकीचा कागद पुढे येईल, अशी तिथे धास्ती होती. आम्ही भांडलो नाही. त्या चौघांनी लेखी अर्ज दिले, आवक क्रमांक घेतला, पोच जपून ठेवली. तिघांना प्रमाणपत्र मिळालं. चौथ्या बाईंचं राहिलंच, आणि मला त्याची अजून रुखरुख आहे.

कार्यकर्त्यांनी सगळ्यांचे अर्ज एका पिशवीत भरून तहसील कार्यालयात नेऊन दिले तर ते घेत नाहीत. गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारू नयेत, असा आयोगाचा आदेश आहे. मात्र संस्थाप्रमुख आपल्या शाळेतल्या सगळ्या पात्र शिक्षकांचे अर्ज एकत्र पाठवू शकतात. म्हणून मुख्याध्यापकांना विश्वासात घेणं हाच सरळ रस्ता. एक चांगले मुख्याध्यापक पन्नास कार्यकर्त्यांचं काम एका दुपारी करतात.

वेळापत्रक साधारण असं असतं: १ ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर सूचना, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्जांची पहिली मुदत, त्याच महिन्यात प्रारूप (कच्ची) यादी, मग दावे आणि हरकती, डिसेंबरअखेर अंतिम यादी. नेमक्या तारखा विभागीय आयुक्त कार्यालयाच्या सूचनेत बघायच्या. मुदत चुकली तरी पुढे निरंतर नोंदणीत अर्ज घेतात, पण त्या भरवशावर कुणाला बसवू नका. प्रारूप यादी आली की भरलेल्या प्रत्येक अर्जाचं नाव तीत शोधा. आम्ही दोनशे पानी वही केली होती: नाव, शाळा, राहण्याचं गाव, अर्ज दिल्याची तारीख, यादीतला क्रमांक. शेवटचा रकाना रिकामा दिसला की त्या माणसाला त्याच दिवशी फोन.

एक गोष्ट मनापासून सांगतो. नोंदणी करताना 'तुम्ही मत कुणाला देणार' हे विचारू नका. समोरचा दुसऱ्या उमेदवाराचा असला तरी त्याचा अर्ज तितक्याच काळजीने भरा. नाव यादीत असणं हा त्याचा हक्क आहे. आणि माझा अनुभव असा की अर्ज ज्याने नीट भरून दिला, त्याचं म्हणणं लोक पुढे ऐकून घेतात.

चौथं पाऊल: शाळाभेटी

एका भेटीला दोनच माणसं जा. पाचसहा जण स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं होत नाही, सत्कार होतो. मोठी सुट्टी वीस-पंचवीस मिनिटांची असते, त्यात लोकांना डबाही खायचा असतो. तुम्ही पाच मिनिटं बोला, उरलेला वेळ ऐका आणि तक्रारी वहीत लिहून घ्या. उमेदवाराबद्दल सांगताना विशेषणं नकोत, घडलेली गोष्ट सांगा. 'मॅडम फार तळमळीच्या आहेत' या वाक्याने कुणी हलत नाही. 'आमच्या शिपाई मामांचा पीएफ दीड वर्ष अडला होता, मॅडमनी सात फेऱ्या मारून काढला' हे ऐकल्यावर समोरचा डब्याचं झाकण मिटून वर बघतो.

मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक आपल्या बाजूचे असतील, तर त्यांनी हाताखालच्या शिक्षकांना मताबद्दल काही सांगू नये, अशी विनंती तुम्हीच करा. वरिष्ठाच्या तोंडचा शब्द विनंती राहत नाही, दडपण होतो.

पैसे आणि पत्रकं

या निवडणुकीला विधानसभेसारखी खर्चाची कमाल मर्यादा नाही. म्हणूनच स्वतःला शिस्त लावून घ्यावी लागते. हिशेब एकाच माणसाने ठेवावा, प्रत्येक रुपयाची पावती फाईलला लावावी.

उत्साहात मदतनीस स्वतःच्या खिशातून जाहिरात देतो, सभेचा मंडप घालतो. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय असा खर्च करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली गुन्हा आहे, १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा आधी चिठ्ठी, मग खर्च. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापलेला असलाच पाहिजे. नसेल तर छापखान्यातून गठ्ठा उचलूच नका. जेवणावळ, पैठणी, पाकिटं यांच्या जवळपास फिरकू नका. दुसरे वाटतात म्हणून आपणही वाटू, असं कुणी म्हणालं तर त्या माणसाकडचं काम शांतपणे काढून घ्या. ज्या उमेदवारावर विश्वास ठेवून आपण पाठीशी उभे राहिलो, त्याचंच नाव त्या पाकिटावर जातं.

पाचवं पाऊल: आकडा लिहायला शिकवा

शिकलेसवरलेले मतदार, त्यांना काय शिकवायचं, असं मलाही वाटायचं. मग एका शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, आम्ही स्टाफरूममध्ये सराव घेतला. पाठकोऱ्या कागदावर खरी नावं न घालता आंबा, पेरू, सीताफळ, चिकू, डाळिंब अशी पाच नावं लिहून पंधरा जणांना वाटली आणि म्हटलं, पसंतीक्रम द्या. कागद गोळा करून बघितले तर चार बाद. एकाने पेरूपुढे बरोबरची खूण केली होती, रोज वह्या तपासायचा हात तो. एकाने अक्षरात 'एक' लिहिलं होतं. एका बाईंनी आंबा आणि सीताफळ दोघांपुढे १ टाकला होता. आणि चौथा कागद सगळा बरोबर होता, फक्त खाली कोपऱ्यात सरांनी सवयीने लपेटदार सही ठोकली होती. पंधरा शिक्षकांत चार! त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक भेटीत भाषण कमी केलं आणि हे कागद वाटायला लागलो.

शिकवायचं ते एवढं. मतपत्रिकेबरोबर केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केचपेन देतात, त्यानेच लिहायचं, खिशातलं पेन काढायचं नाही. ज्याला पहिली पसंती, त्याच्या नावापुढच्या रकान्यात १. हा आकडा फक्त एकाच नावापुढे. पुढे हव्या तितक्या जणांना २, ३, ४. देणं सक्तीचं नाही. आकडे मराठी, इंग्रजी किंवा रोमन, कुठलेही चालतात, अक्षरी शब्द चालत नाही. खूण, सही, अंगठा, नाव, शेरा काहीही नको. आणि १ न लिहिता नुसता २ लिहिला तर पत्रिका बाद.

पसंतीचं गणितही समजावून द्या. समजा १२,००० मतं वैध ठरली. त्यांची निम्मी अधिक एक, म्हणजे ६,००१ हा विजयाचा कोटा. पहिल्या पसंतीत कुणीच तिथवर पोचलं नाही, तर सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या पत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांत वाटल्या जातात. असं एकेक करत जातं. दुसरी पसंती दिल्याने पहिलीचं नुकसान होतं, हा समज सर्रास आहे आणि चुकीचा आहे. पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतही नाही.

म्हणून जो शिक्षक स्पष्ट सांगतो की माझा १ दुसऱ्यांना आहे, त्याच्याकडून नाराज होऊन उठू नका. "मग २ आमच्या मॅडमना द्याल का?" एवढं विचारा. पुष्कळ जण आनंदाने हो म्हणतात, कारण तोवर त्यांना कुणी ते विचारलेलंच नसतं. फेऱ्या वाढत गेल्या की याच दुसऱ्या आकड्यांवर निकाल फिरतो.

मतदानाचा दिवस

सुट्ट्यांचं कॅलेंडर बघून ठेवा. २०२४ मध्ये आधी १० जून ही तारीख जाहीर झाली होती. शाळांना उन्हाळी सुट्टी, शिक्षक गावी गेलेले, म्हणून मागणी झाली आणि आयोगाने मतदान २६ जूनला नेलं. दर वेळी तारीख बदलेलच असं नाही. कोण कुठे असणार, ते वहीत आधीच लिहून ठेवा. मतदानासाठी विशेष नैमित्तिक रजा मिळते, तिचा आदेश मुख्याध्यापकांच्या टेबलावर आहे ना, ते आदल्या दिवशी विचारा. मतदार ओळखपत्र नसेल तर संस्थेचं ओळखपत्रही चालतं.

तालुक्याला एखाददुसरंच केंद्र असतं, त्यामुळे लांबच्या खेड्यांतून यावं लागतं. तरी उमेदवाराच्या बाजूने भाड्याच्या गाड्या लावून मतदार आणायचे नाहीत, तो कायद्याने भ्रष्टाचार ठरतो आणि निवडून आलेली जागाही त्यापायी जाऊ शकते. एसटीच्या वेळा कळवा, एका शाळेतल्यांनी आपापल्या दुचाकीवर जोडीने यावं असं सुचवा. प्रचार ४८ तास आधी थांबलेला असतो. केंद्रापासून १०० मीटरच्या आत कुणाशी मताबद्दल बोलायचं नाही, नमस्कार करायचा आणि पुढे जायचं.

मतदान प्रतिनिधी म्हणून बसणार असाल तर नमुना १० वर उमेदवाराची सही आधी घ्या, दोन प्रती ठेवा, सकाळी मतदान सुरू होण्याआधी तासभर पोचा. मतपेटी रिकामी दाखवतात आणि मोहोर लावतात, ते स्वतः बघा.

मतमोजणीची रात्र

ही मोजणी तासाभरात उरकत नाही. आधी सगळ्या पेट्यांतल्या पत्रिका एकत्र मिसळतात, गठ्ठे बांधतात, वैध-अवैध वेगळं करतात, मग पहिल्या पसंतीचे ढीग लागतात. त्यानंतर बाद फेऱ्या, त्या दुसऱ्या दिवसापर्यंत चालू शकतात. प्रतिनिधी पाळीपाळीने बसतील असं ठरवा, आणि सगळ्यांत बारीक नजरेचं माणूस अवैध पत्रिकांच्या टेबलाशी ठेवा. आकडा दोन रकान्यांच्या रेषेवर पडलेला असतो, १ आणि ७ सारखे दिसतात, तिथे तुमचं म्हणणं त्याच क्षणी, शांत आवाजात मांडावं लागतं. गठ्ठा पुढे गेल्यावर बोलून उपयोग नाही. प्रत्येक फेरीचे आकडे स्वतः उतरवून घ्या.

आमच्या मॅडम हरल्या. बाद होण्यात त्यांचा नंबर बऱ्याच उशिरा लागला, आणि त्यांच्या पत्रिका दुसऱ्यांच्या ढिगात जाताना आम्ही समोर बसून बघितलं. पहाटे चहा पिताना त्यांनी वही मागून घेतली आणि शाळाभेटींत लिहून घेतलेल्या तक्रारींच्या पानांना कागदाचे तुकडे खुणेला लावत बसल्या. सोमवारी त्यांचा पहिला तास होता नववी ब वर, तो त्यांनी घेतला. मधल्या सुट्टीत आम्ही वहीतल्या लोकांना आभाराचे फोन करायला सुरुवात केली, मत दिलं की नाही ते न विचारता. सगळे फोन व्हायला अकरा दिवस लागले. प्रमाणपत्र न मिळालेल्या त्या चौथ्या बाईंना मॅडमनी स्वतः फोन केला, आणि त्यांच्या नेमणुकीच्या कागदांची प्रत मागवून घेतली.